पोरांच्या हाती मोबाइल देताना: खान्देशातल्या आई-वडिलांसाठी टप्प्याटप्प्याने

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो. सकाळी दहानंतर पोरांना अंगणात सोडण्याची सोय नाही. मग घरातला फोन दिवसभर या हातातून त्या हातात फिरतो. त्यात अखाजीला मामाच्या गावी जायचं, तिथे मावसभावांचे फोन वेगळेच. सुट्टी संपेपर्यंत मुलानं काय पाहिलं, कोणाशी बोललं, कशावर बोट दाबलं, याचा पत्ता घरात कोणालाच नसतो.

मी जळगावात राहते. मुलगी नववीत आहे, मुलगा पाचवीत. आधी दोघांसाठी फोन लावले, मग गल्लीतल्या आणि माहेरच्या बऱ्याच जणींना तेच करून दिलं. या विषयावर वाचायला मिळतं त्यात बहुतेक वेळा धरलेलं असतं की मुलाकडे स्वतःचा फोन आहे आणि आई-वडील संध्याकाळी त्याच्या शेजारी बसलेले आहेत. आपल्याकडे बापाचाच फोन मुलं वापरतात, बाप सुरतला किंवा नाशिकला कामाला असतो, आई कापूस वेचायला किंवा केळीच्या बागेत गेलेली असते आणि मूल आजीपाशी. म्हणून हे सगळं आपल्या घरांच्या हिशोबानं लिहिलं आहे.

बसण्याआधी जवळ काय ठेवायचं

- तुमचा स्वतःचा फोन, आणि मुलाचा वेगळा असेल तर तोही, दोन्ही चार्ज केलेले
- तुमचं जीमेल खातं आणि त्याचा पासवर्ड. माहीत नसेल तर आधी तो बदलून घ्या
- मुलाची खरी जन्मतारीख, शाळेच्या दाखल्यावरची
- मुलाच्या फोनातलं सिम कोणाच्या नावावर आहे याची माहिती
- एक साधी वही. पासवर्ड आणि पिन यात लिहायचे, आणि ती कपाटात ठेवायची
- सलग तास-दीड तास. स्वयंपाक करता करता हे काम होत नाही

सिमचं आधी बघा. अठराच्या आतल्या मुलाचं सिम बहुतेक घरात आईच्या किंवा वडिलांच्या नावावर असतं, म्हणजे त्या नंबरवरून काही झालं तर पोलीस तुमच्याकडे येणार. सरकारच्या संचार साथी पोर्टलवर आपला नंबर आणि ओटीपी टाकला की आपल्या नावावर किती कनेक्शन चालू आहेत ते दिसतं. ओळखीचा नसलेला नंबर दिसला तर तिथूनच 'हा माझा नाही' असं कळवता येतं.

१. फोन कोणाचा ते ठरवा

मुलाकडे स्वतःचा फोन असेल तर पुढच्या सगळ्या पायऱ्या करायच्या. घरात एकच फोन असेल, तर काम थोडं वेगळं आहे आणि ते जास्त नीट करावं लागतं. कारण त्या एका फोनात बँक आहे, यूपीआय आहे, बापाचं व्हॉट्सॲप आहे आणि मुलाची कार्टूनंही आहेत.

एकाच फोनासाठी हे करा:

मूल पाच-सहा वर्षांचं असेल तर 'ॲप पिनिंग' चालू करा. फोनच्या सेटिंगमध्ये सुरक्षेच्या भागात हे मिळतं. सापडलं नाही तर वरच्या शोधात 'पिन' लिहा. यानं एक ॲप पडद्यावर अडकवून ठेवता येतं. तुमचा लॉक टाकल्याशिवाय मूल दुसरीकडे जाऊ शकत नाही. 'अनपिन करताना पिन विचारा' हा पर्याय मात्र आठवणीनं चालू करा, नाहीतर चार दिवसांत पोराला बाहेर पडायची युक्ती सापडते.

मोठ्या मुलांसाठी फोनात दुसरा वापरकर्ता तयार करता येतो का ते पाहा. सेटिंगमध्ये 'मल्टिपल यूजर्स' किंवा काही कंपन्यांच्या फोनात 'सेकंड स्पेस' अशा नावानं ते असतं. त्यात मुलाचं वेगळं घर होतं: वेगळी ॲप, वेगळं यूट्यूब, तुमचे फोटो नाहीत, बँक नाही. काही फोनांत ही सोय नसते. तिथे बँक, यूपीआय, गॅलरी आणि व्हॉट्सॲपला ॲप लॉक लावा, आणि लॉकचा नंबर फोनच्या लॉकपेक्षा वेगळा ठेवा.

यूट्यूबबद्दल वेगळं सांगते. यूट्यूब ज्या खात्यावर चालू आहे त्या खात्याची आवड लक्षात ठेवतं. रात्री मोठ्यांनी जे पाहिलं, त्याच्यासारखंच दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वर्षांच्या पोरीसमोर येतं. लहानांसाठी 'यूट्यूब किड्स' हे वेगळं ॲप टाका. ते नको असेल तर यूट्यूबच्या सेटिंगमध्ये 'जनरल'खाली 'रिस्ट्रिक्टेड मोड' चालू करा. त्यानं सगळंच अडत नाही, पण बरंचसं अडतं.

२. फोन देण्याआधीचं बोलणं

ही पायरी लोक सोडून देतात आणि थेट सेटिंगवर येतात. माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा.

मूल अडचणीत सापडलं की ते आई-वडिलांपासून का लपवतं, हे मी अनेक पोरांना विचारलं आहे. उत्तर जवळपास एकच असतं: 'फोन काढून घेतील.' मुलींच्या उत्तरात त्यापुढे आणखी एक असतं: 'शाळा बंद करतील.' धमकी देणाऱ्याला ही भीती चांगली माहीत असते. 'तुझ्या पप्पांना सांगीन' एवढ्या एका वाक्यावर तो आठवडेच्या आठवडे मुलाला नाचवू शकतो.

म्हणून फोन देताना तुम्ही एक वचन द्यायचं, आणि ते पाळायचं: 'काहीही झालं, तुझ्याकडून चूक झाली असली तरी, तू येऊन सांगितलंस तर मी मारणार नाही, फोन फोडणार नाही, शाळा बंद करणार नाही. आधी आपण मिळून अडचण सोडवू.' हे घरात जी बोली चालते तिच्यात सांगा. अहिराणी बोलत असाल तर अहिराणीत: 'काय व्हयनं ते सांग, घाबरू नको, मी शे ना.' लेवा बोली असेल, पावरी असेल, तर तिच्यात. रोजच्या बोलण्यात सांगितलेलं मुलाला खरं वाटतं. शाळेतल्या भाषणासारखं सांगाल तर ते मान हलवेल आणि विसरेल.

त्याच बसण्यात चार नियम ठरवा, जास्त नकोत:

- जेवताना आणि झोपताना फोन खोलीबाहेर. रात्री सगळ्यांचे फोन एकाच जागी चार्जिंगला, मोठ्यांचेही
- नवं ॲप टाकण्याआधी विचारायचं
- ओटीपी, पिन, पासवर्ड कोणालाच नाही. जिवलग मैत्रिणीलाही नाही
- अंगावर कमी कपडे असलेला फोटो कोणालाही पाठवायचा नाही, आणि कोणाचा आला तर पुढे पाठवायचा नाही. लगेच आई-वडिलांना सांगायचं

चौथा नियम सांगताना लाजू नका. दहा-अकरा वर्षांच्या मुलाला तो कळतो. आणि मुलांनाही सांगा, फक्त मुलींना नाही. फोटोवरून धमकावून पैसे मागण्याचे प्रकार पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांसोबतही होतात, आणि मुलगे तर लाजेनं अजिबातच बोलत नाहीत.

३. जीमेल खातं खऱ्या जन्मतारखेचं

नवा फोन घेतला की दुकानदार 'चालू करून देतो' म्हणत स्वतःच एक जीमेल बनवतो. जन्मतारीख काहीतरी टाकतो आणि पासवर्ड त्याच्याच डोक्यात राहतो. पुढे फोन बंद पडला की कोणालाच खातं उघडत नाही. याहून मोठी अडचण अशी की गुगलच्या हिशोबानं तुमची दहा वर्षांची मुलगी तीस वर्षांची होते, आणि वयावर चालणारे सगळे बंदोबस्त तिथेच संपतात.

फोन घरी आणून खातं स्वतः बनवा. भारतात स्वतःचं गुगल खातं स्वतः चालवायची वयोमर्यादा १३ आहे. त्याखालच्या मुलाचं खातं आई किंवा वडिलांच्या खात्याशी जोडूनच तयार होतं. खातं परत मिळवण्यासाठी लागणारा नंबर तुमचा द्या. दुकानदारानं आधीच खातं बनवलं असेल तर फोन रिसेट करून नव्यानं सुरुवात करा. त्याआधी फोटो दुसरीकडे काढून ठेवा.

४. फॅमिली लिंक लावा

मुलाचा अँड्रॉइड फोन वेगळा असेल तर गुगलचं 'फॅमिली लिंक' हे फुकट ॲप पुरेसं आहे. प्ले स्टोअरमधून तुमच्या फोनात टाका, मुलाचं खातं जोडा आणि पडद्यावर येईल तसं पुढे जा. तेरा वर्षांवरच्या मुलाचं खातंही जोडता येतं, त्याची संमती लागते. आयफोन असेल तर त्याच्या सेटिंगमध्ये 'स्क्रीन टाइम' आणि 'फॅमिली शेअरिंग' आहे. काम साधारण तेच.

जोडल्यावर या गोष्टी लावा:

- रोजची वेळमर्यादा आणि रात्रीची बंदची वेळ. वेळ संपली तरी आलेला फोन उचलता येतो, त्यामुळे ती काळजी नको
- नवं ॲप टाकताना तुमची परवानगी
- गुगल शोधात 'सेफसर्च', म्हणजे शोधताना येणारं अश्लील गाळलं जातं
- यूट्यूबसाठी वयानुसार पातळी. 'एक्सप्लोर', 'एक्सप्लोर मोअर' आणि 'मोस्ट ऑफ यूट्यूब' अशा तीन आहेत. पहिलीपासून सुरू करा
- फोन कुठे आहे ते दिसण्याची सोय. हे मुलाला सांगून चालू करा

बाप परगावी असेल त्या घरांना या ॲपचा मोठा फायदा आहे. मुलगा अमळनेरला आणि वडील सुरतला उधन्यात, तरी मुलानं ॲप मागितलं की वडिलांच्या फोनवर विचारणा येते आणि तिथून हो-नाही करता येतं. पारोळ्याकडच्या माझ्या एका नातेवाइकांच्या घरी असंच चालतं. वडील रात्री पाळीवरून सुटले की व्हिडिओ कॉलवर मुलाशी दिवसभराच्या ॲपविषयी बोलतात. पोरगं आईला टोलवायचं, वडिलांना टोलवता येत नाही.

फॅमिली लिंक काय करत नाही तेही माहीत असू द्या. व्हॉट्सॲपवरचे, इन्स्टाग्रामवरचे मेसेज त्यात दिसत नाहीत. त्यासाठी काही दुकानदार 'मुलाचं सगळं दिसणारं' ॲप टाकून देतो म्हणतात. ते घेऊ नका. अशी चोरून पाहणारी ॲप मुलाचे फोटो आणि मेसेज कुठल्या कोण कंपनीच्या हाती देतात, आणि मुलाला कळलं की दुसऱ्या पायरीतलं वचन तिथेच मोडतं.

५. पैसे: यूपीआय, गेम आणि एपीके

मुलाच्या फोनात यूपीआय नको. मोठ्यांच्या फोनात असेल तर यूपीआयचा पिन, ॲपचा लॉक आणि फोनचा लॉक हे तिन्ही वेगवेगळे ठेवा. जन्मसाल, गाडीचा नंबर, १२३४ असले पिन घरातल्या पोराला पहिल्या झटक्यात सापडतात. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये खरेदीला दर वेळी पडताळणी लागेल असं करून ठेवा.

गेममध्ये पैसे जातात ते 'डायमंड', 'यूसी' आणि कपड्या-बंदुकांच्या नावानं. कंपनीकडे जाणारे पैसे एक वेळ समजतात. जास्त फसवणूक बाहेरून होते: 'फ्री डायमंड देतो, लिंकवर लॉगिन कर', 'माझी भारी आयडी स्वस्तात विकतो, आधी पैसे टाक'. मुलाला एक गोष्ट पक्की सांगा. यूपीआयचा पिन पैसे देताना किंवा बॅलन्स बघताना लागतो. पैसे घेण्यासाठी पिन टाकायला कोणी सांगत असेल तर तो फसवतोय. ही गोष्ट आजीलाही सांगा.

पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ वेगळे. त्यांवर बंदी घालणारा कायदा संसदेनं २०२५ मध्ये केला. तरीही टेलिग्राम आणि जाहिरातींमधून अशा ॲपच्या लिंक फिरतात. मुलाच्या फोनात 'कलर', 'रमी', 'एव्हिएटर' अशा नावांचं काही दिसलं तर ओरडण्याआधी विचारा की कोणी दिलं आणि पैसे कुठून टाकले. अनेकदा उत्तर असतं की मित्रांकडून उसने घेतले, आणि आता तो मित्र रोज मागतोय. ते देणं आधी मिटवा, म्हणजे मुलगा बाकीचं मोकळेपणानं सांगतो.

आता एपीके. लग्नसराईत व्हॉट्सॲपवर 'लग्नपत्रिका' नावाची फाइल येते, तिच्या नावाच्या शेवटी डॉट एपीके असतं. किसान योजनेच्या, वाहनाच्या दंडाच्या नावानंही अशाच फाइली येतात. पत्रिका म्हणजे फोटो किंवा पीडीएफ असते. एपीके म्हणजे ॲप. उघडलं की ते फोनातले मेसेज वाचायची परवानगी मागतं, मग बँकेचे ओटीपी तिकडे दिसतात. आजोबांच्या फोनवर आलेली पत्रिका उघडायला त्यांना चष्मा सापडत नाही, म्हणून नातू उघडून देतो आणि 'अलाउ, अलाउ' करत जातो. एवढ्यानं खातं रिकामं होऊ शकतं. तेव्हा घरातल्या प्रत्येक फोनात 'अनोळखी ॲप टाकण्याची परवानगी' व्हॉट्सॲप, टेलिग्राम आणि क्रोमसाठी बंद करा. सेटिंगच्या शोधात 'अननोन ॲप्स' लिहिलं की सापडतं.

अकरावी-बारावीतल्या मुलांना आणखी एक सांगून ठेवा. शिष्यवृत्तीसाठी उघडलेलं बँक खातं किंवा सिम 'थोडे दिवस वापरायला दे, कमिशन देतो' असं कोणी म्हणालं तर द्यायचं नाही. फसवणुकीचे पैसे अशाच खात्यांतून फिरवतात आणि पोलीस खातेदाराच्या दारात येतात.

६. व्हॉट्सॲप

कंपनीच्या नियमानुसार वय १३ पूर्ण हवं. शाळेचा ग्रुप आई-वडिलांच्या फोनवर ठेवला तर त्याआधी लागतही नाही. सेटिंग झटपट करून टाका:

- 'प्रायव्हसी'मध्ये 'ग्रुप्स' हे 'माय कॉन्टॅक्ट्स'वर. मग कोणीही अनोळखी माणूस मुलाला ग्रुपमध्ये ओढू शकत नाही
- प्रोफाइल फोटो, शेवटची वेळ, स्टेटस हे तिन्ही 'माय कॉन्टॅक्ट्स'
- 'कॉल्स'मध्ये अनोळखी नंबर शांत करा
- 'टू-स्टेप व्हेरिफिकेशन'चा सहा आकडी पिन लावा, वहीत लिहा
- फोटो-व्हिडिओ आपोआप उतरणं बंद
- 'लिंक्ड डिव्हाइसेस' उघडून पाहा. तिथे ओळखीचा नसलेला संगणक दिसला तर काढून टाका

क्लासच्या ग्रुपात शंभर-दोनशे नंबर असतात आणि मुलीचा नंबर त्या सगळ्यांना दिसतो. क्लासवाल्या सरांना सांगून ग्रुप फक्त ॲडमिननं लिहायचा करून घ्या, आणि शक्य असेल तर आईचा नंबर द्या.

७. इन्स्टाग्राम आणि स्नॅपचॅट

दोन्हीकडे १३ वर्षांची अट आहे. इन्स्टाग्रामनं अठराच्या आतल्यांसाठी 'टीन अकाउंट' आणलं आहे, ते भारतातही चालू आहे. त्यात खातं आपोआप खासगी राहतं, अनोळखी माणसाला मेसेज टाकता येत नाही, आणि सोळाच्या आतल्या मुलाला हे बंधन सैल करायला पालकाची परवानगी लागते. हे सगळं खरी जन्मतारीख टाकली तरच. मुलं २००० साल टाकून मोकळी होतात, ते एकदा शेजारी बसून तपासा.

स्नॅपचॅटच्या नकाशात 'घोस्ट मोड' चालू करा, नाहीतर मुलगी कुठे आहे ते मित्रयादीतल्या सगळ्यांना दिसू शकतं.

इथे मोठ्यांसाठीही एक विनंती. शाळेचं नाव दिसेल असा गणवेशातला फोटो, 'आज आम्ही सगळे सारंगखेड्याच्या यात्रेला' असं चालू स्टेटस, मुलीचा नाचतानाचा व्हिडिओ सगळ्यांना दिसेल असा टाकू नका. साध्या चेहऱ्याच्या फोटोपासून आता अश्लील फोटो बनवून देणारी साधनं सहज मिळतात. कार्यक्रमाचे फोटो नातेवाइकांच्या ग्रुपात राहू द्या.

८. अनोळखी माणूस जवळ येतो कसा

हे मुलांना गोष्टीसारखं सांगा, कारण पायऱ्या जवळजवळ ठरलेल्या आहेत. गेममध्ये किंवा इन्स्टावर ओळख होते. तो स्वतःला त्यांच्याच वयाचा सांगतो, धुळ्याचा किंवा शिरपूरचा, जवळचाच. कौतुक करतो, रिचार्ज मारून देतो, गेममध्ये भेट पाठवतो. मग म्हणतो, इथे नको, दुसऱ्या ॲपवर बोलू. मग 'हे आपल्या दोघांतच ठेव'. मग फोटो. आणि फोटो गेला की आवाज बदलतो.

यातल्या 'दुसरीकडे बोलू' आणि 'कोणाला सांगू नको' या दोन वाक्यांवर मुलानं थांबायला शिकावं. ती ऐकली की थेट घरी सांगायचं.

तुमच्या बाजूनं ओळखायच्या खुणा अशा: तुम्ही जवळ गेलात की पडदा पालथा होतो, रात्री उशिरा मेसेज, कुठून आलं ते न सांगता येणारा रिचार्ज किंवा वस्तू, जेवण कमी, शाळेत जायचं टाळणं, फोन वाजला की दचकणं. पहिल्या दिवशी चौकशी लावू नका. संध्याकाळी पोळ्या लाटताना किंवा गाडीवर शेतात जाताना, समोरासमोर न बसता, सहज विचारा. डोळ्यांत न पाहता मुलं जास्त बोलतात.

९. काही घडलंच तर

पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन लावा. आधी भाऊबंदांना विचारत बसू नका. पैसे पुढच्या खात्यातून निघायच्या आत तक्रार गेली तर ते रोखता येतात. त्याच वेळी बँकेलाही कळवा. तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या राष्ट्रीय पोर्टलवरही करता येते. तिथे महिला आणि बालकांविषयीच्या गुन्ह्यांचा वेगळा भाग आहे आणि त्यात नाव न देताही माहिती देण्याची सोय आहे.

फोटोवरून धमकी आली असेल तर या क्रमानं:

1. मुलाला जवळ घ्या. 'तू सांगितलंस ते बरं केलंस' हे पहिलं वाक्य.
2. पैसे देऊ नका. एकदा दिले की मागणी वाढते.
3. काहीही पुसू नका. धमकीचे मेसेज, त्याच्या खात्याचं नाव आणि लिंक, नंबर, तारीख-वेळ यांचे स्क्रीनशॉट घ्या. त्यानंतर त्याला ब्लॉक करा.
4. तो फोटो स्वतः कोणालाही पाठवू नका, 'पुरावा' म्हणून काकांना किंवा सरपंचांनाही नाही. अठराच्या आतल्या मुलाचं अश्लील चित्र पुढे पाठवणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ ब खाली गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पोलिसांना फोनातच दाखवा.
5. फोटो पसरण्याची भीती असेल तर 'टेक इट डाउन' ही फुकट सेवा वापरा. अठराच्या आत काढलेल्या फोटोसाठीच ती आहे. फोटो तुमच्या फोनातच राहतो, त्याची फक्त आकड्यांतली खूण जाते, आणि फेसबुक, इन्स्टाग्राम, स्नॅपचॅट त्या खुणेवरून तो ओळखून काढू शकतात. व्हॉट्सॲपवरच्या खासगी मेसेजांवर मात्र ती चालत नाही.
6. पोलिसांकडे जा.

तक्रारीला जाताना बरोबर न्या: तुमचं ओळखपत्र, मुलाच्या वयाचा पुरावा, स्क्रीनशॉटच्या छापील प्रती, तो फोन, समोरच्या खात्याची लिंक लिहिलेला कागद, आणि पैसे गेले असतील तर बँकेचं स्टेटमेंट आणि यूपीआयचा बारा आकडी व्यवहार क्रमांक. काय घडलं ते तारखेनुसार एका पानावर लिहून न्या. ठाण्यात गेल्यावर घाबरून निम्मं विसरायला होतं.

बरेच जण पोलीस ठाण्याच्या पायरीवरून परत फिरतात, म्हणून कायदा काय म्हणतो ते माहीत असू द्या. २०१२ चा पॉक्सो कायदा, म्हणजे अठराच्या आतल्या मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांसाठीचा कायदा, मुलगा-मुलगी दोघांनाही लागू आहे. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल अशा ठिकाणी घ्यायचा असतो, शक्यतो महिला उपनिरीक्षकानं, आणि अधिकारी गणवेशात नसावा. आई-वडील किंवा मुलाचा विश्वास असलेलं माणूस जवळ बसू शकतं. मुलाला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही. त्याची ओळख बातमीत येऊ शकत नाही. आणि असा गुन्हा माहीत असूनही न कळवणं हाही या कायद्यानं गुन्हा आहे. हद्दीचं कारण सांगून परत पाठवलं तर झिरो एफआयआर मागा. कोणत्याही ठाण्यात गुन्हा नोंदवून पुढे पाठवता येतो. तालुक्याला काही होत नसेल तर जिल्ह्याच्या सायबर पोलीस ठाण्यात जा. तक्रारीची प्रत आणि पोर्टलचा पोच क्रमांक घेतल्याशिवाय निघू नका.

मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८ दिवसरात्र चालते. मूल स्वतःही फोन करू शकतं. जीव धोक्यात वाटला तर ११२. मूल गप्प झालं असेल, झोप उडाली असेल तर टेलिमानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर समुपदेशकाशी बोलता येतं.

दोन गोष्टी कृपा करून करू नका. एक, पोरं गोळा करून धमकी देणाऱ्याला शोधायला आणि मारायला जाऊ नका. प्रकरण गावभर होतं, पुरावा जातो आणि उलटा गुन्हा तुमच्यावर येतो. दुसरी, मुलीची शाळा बंद करू नका, तिचं लग्न उरकायची घाई करू नका. गुन्हा समोरच्यानं केला आहे. तिला घरात बसवलंत तर गल्लीतली प्रत्येक मुलगी ते पाहते, आणि पुढच्या वेळी त्यांच्यापैकी एकही घरी बोलणार नाही.

१०. आजीकडे, मामाकडे, वसतिगृहात

मूल दिवसभर आजीपाशी असेल तर आजीला सेटिंग शिकवत बसू नका. तिच्या फोनात ॲप पिनिंग आणि अनोळखी ॲपची बंदी तुम्हीच लावून द्या. मोठ्या अक्षरांत १९३०, १०९८, ११२ आणि तुमचा नंबर लिहून कागद भिंतीला चिकटवा. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीला जाणाऱ्या घरांनी निघण्याआधी हे करून ठेवावं.

सुट्टीत मामाकडे पाठवताना मामीशी आधी बोला: रात्री फोन कुठे ठेवता, कोणाच्या फोनावर काय चालतं. आश्रमशाळेतली, वसतिगृहातली मुलं दिवाळीला घरी येतात आणि तेवढ्या दिवसांत फोन हातात मिळाल्यावर अक्षरशः तुटून पडतात. त्यांच्याशी पहिल्याच संध्याकाळी दुसऱ्या पायरीतलं बोलणं करा.

दरवर्षी जूनमध्ये, वह्या-पुस्तकं घेण्याच्या आठवड्यात, मुलाला शेजारी बसवून सगळी सेटिंग पुन्हा पाहा. वय वाढलं तसं काय सैल करायचं ते त्यालाच विचारून ठरवा. नववी-दहावीतल्या मुलाची रोजची वेळमर्यादा काढून फक्त रात्रीची बंदची वेळ ठेवली तरी चालतं. खरेदीची पडताळणी आणि अनोळखी ॲपची परवानगी मात्र अठरा पूर्ण होईपर्यंत तुमच्याच हातात ठेवा.